रामोजीने धरलेला अंतरपाट

मी भांडकुदळ आहे म्हणता ना, मग हे ऐका.

इकडे तमिळ मुलखातल्या ओरत्तनाडु गावच्या एका लग्नाच्या हॉलचे एसी मी बघतो. मुहूर्त असला की फोन जवळ ठेवून घरी थांबायचं, बोलावलं की पळायचं. त्या थांबण्याचे वेगळे पैसे ठरलेत. मॅनेजर रामोजी आपल्यातलाच, मराठी. पण दर वेळी त्याचं एकच, "नुसतं थांबायचे कसले रे पैसे?"

त्याच हॉलात माझ्या भाचीचं लग्न निघालं. सकाळी रामोजी म्हणतो, "आज तू पाहुणा. आजचे पैसे नाहीत."

"बरं. मग आज मी एसीला हात लावणार नाही."

मंगलाष्टकं सुरू झाली आणि एसी बंद पडला. मी मामा, अंतरपाटाचं एक टोक धरून उभा. रामोजी धावत आला. "अण्णा, बघा ना जरा."

"मी पाहुणा आहे."

भाचीचं कुंकू घामाने नाकावर ओघळलं. अक्का, म्हणजे भाचीची आई, माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागली. रामोजी कानाशी येऊन म्हणाला, "देतो बाबा, आजचेही देतो."

"मग हे टोक धर. खाली आलं तर अक्का तुला सोडणार नाही."

स्टार्टरच्या डब्यात पाल अडकून मेली होती. मेन बंद करून ती काढली, साफ केलं, एसी चालू झाला. मामा येईपर्यंत भटजी आठवतील तेवढी अष्टकं म्हणत होते.

परत आलो तर रामोजी टोक या हातातून त्या हातात घेत होता. "लवकर धर रे, खांदे गेले माझे."

म्हटलं, "धर की अजून जरा. नुसतं थांबायचंच तर आहे."