ओकिनोसेच्या तोफा

नाही हो हिराबायाशीसाहेब, खिडकी नका लावू – राहू दे उघडी. गार लागत असेल तर ही रजई घ्या पायांवर, चहा घ्या. आज तोफांचा सराव ना! कुणाचा म्हणजे? आमच्या यांचा – आतल्या खोलीत पडलेत, अंथरूण सुटत नाही, पण महिन्यातून एकदा सकाळीच हुकूम सोडतात, 'उघड गं, गोळे सुटणार.' मग उघडते, काय करू. पूर्वी तोफ डागली की काचा फुटायच्या, म्हणून किल्ल्यावरून निरोप आला की अख्खा गाव खिडक्या सताड उघडून बसायचा, भर हिवाळ्यातसुद्धा. हं, किल्ल्यावर लावायचा तुमचा फलक – लिहा ना बापडे. रशियाचं आरमार येईल म्हणून किल्ला बांधला, बंदराच्या तोंडावरच्या ओकिनोसे बेटावर, पक्क्या विटांचा. आरमार काही आलं नाही. माझ्या आज्यानं वाट बघितली, बापानं बघितली. बेटाचा फोटो काढायचा नाही, चित्र काढायचं नाही – माझ्या लग्नाचा फोटो काढला ना, तर दोघांनी मागे चादर धरली होती, समुद्र दिसायला नको म्हणून! चादरीला ठिगळ होतं, तेच दिसतंय.

काय? ओंडक्यांचं? ते कुणी सांगितलं तुम्हाला – मात्सुएवहिनींनी? असं. मग आता लपवून काय करू. महायुद्ध ऐन भरात असताना तोफा काढून नेल्या, दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटावर, आणि त्यांच्याबरोबर निम्मी माणसं – वहिनींचा नवरा किहाची त्यातच. आमच्या यांना मागे ठेवलं. कशाला? तर ओंडके राखायला! तोफांच्या जागी मांडलेले देवदाराचे ओंडके, वर काळा रंग फासलेला, तोंडं समुद्राकडे. आणि सरावाचा निरोप मात्र यायचाच हो – आम्ही खिडक्या उघडायच्या, पोरांचे कान झाकायचे, आणि आवाज? कसला आवाज! नुसत्या घारी ओरडायच्या. कुणी ब्र काढला नाही, कुणी हसलंही नाही. हसणार कोण?

तोफांबरोबर गेलेल्यांतलं एकही माणूस परत आलं नाही. किहाचीची म्हणून पेटी आली, आत हाडं नाहीत, दोन दगड. आणि मी – मी त्या ओंडक्यांना रोज हात जोडायची, माझा माणूस ठेवला म्हणून. मात्सुएवहिनी शेजारी उभ्या असायच्या तरी जोडायची. हे लिहू नका हं. कसं काय बोलून गेले मी!

आमचे हे गावात काय सांगतात, ठाऊक आहे ना? 'तोफा शेवटपर्यंत होत्या, मी स्वतः डागल्या.' चाळीस वर्षं तेच. पोरं तोंडावर हसतात, मी मान डोलावते. सोबती तिकडे मेले आणि आपण लाकूड राखून जगलो – हे कसं गिळावं माणसानं? 'फलक लागेल त्या दिवशी मला खुर्चीतून न्या,' म्हणतायत, सदरा काढून ठेवलाय. तिथे सगळ्यांसमोर ते ओंडक्यांचं वाचलं, तर उरेल काय त्यांच्यात? दमलेय हो मी आता, फार दमलेय. तेवढी एक ओळ गाळा. हे गेले की लिहा – मी स्वतः रोज पुसत जाईन तो फलक. काय म्हणता, इतिहास आहे? असेल. तुमचा असेल, मला त्याला रोज जेवायला वाढावं लागतं.

थांबा – हाक मारतायत. आले हो, आले! जागेच होते वाटतं. काय? जरा मोठ्यानं बोला… काय म्हणालात?

ऐकलंत, साहेब? 'ओंडके होते असंच लिहा म्हणावं. आणि तोफांबरोबर कोण कोण गेले, त्यांची नावं लिहा. किहाचीचं पहिलं.'

रडतायत हो. चाळीस वर्षांत रडले नव्हते. उठा तुम्ही – जा आता. जा म्हणते ना, बघता काय!