माळावरची घिसाडीण

ऐका. ए हौसे, शेकोटीत दोन काटक्या घाल आन् गप बस.

आपल्या गावचा सखाहरी. त्याची लेक तापानं फणफणली. अंगाला हात लावला तर चटका! वैद्य पल्याडच्या गावात. बायको म्हणाली, "उजाडू द्या." पर पोर उजाडंपतूर टिकंल का? घेतली खांद्यावर, वर घोंगडी टाकली, कमरंला विळा खोचला. लोखंडाला भूत भितं, ठावं हाय न्हवं? आन् निघाला माळाच्या वाटेनं. एकटाच. सोबतीला कुणी यायला तयार न्हाई.

का? तर त्या माळावर पूर्वी घिसाडी उतरायचे. आपले फाळ, विळे, कुऱ्हाडी समदं त्यांनीच घडवलेलं. पर त्यांची पालं पडली की आपण दारं लावायची. पोरं पळवत्यात म्हणं! एकदा पाटलाचं पोर दिसंना. गाव काठ्या घेऊन धावलं, पालं पेटवली. आन् पोर कुठं? कडब्याच्या गंजीत, झोपलेलं! तवर घिसाडी अंधारात पांगले. त्या पळापळीत त्यांच्यातल्या एका बाईचं लेकरू हरवलं. हुडकत हुडकत ती माळावरच मेली. आपल्यातलं एक बी माणूस हुडकायला गेलं न्हाई. लाज वाटती सांगायला.

तर सखाहरी चालतोय. ठण्ण! ऐरणीवर घण पडला. माळावर तर कुणी न्हाई! ठण्ण! पुढं लालभडक भट्टी दिसली. जवळ गेला, तर गार राख. झपाझपा चालला, म्होरं बाभळ. आणखी चालला, म्होरं तीच बाभळ! आन् मागनं बाई बोलली, "दादा, दमलास. आण, मी घेते लेकराला."

सखाहरी गर्रकन वळला! विळा उपसला, पुढं धरला. ती भितीय व्हय? उलट जवळ आली. पात्यावरनं बोट फिरवलं. "माझ्या धन्याच्या हातचा हाय ह्यो."

मग घोंगडी उचलली. पोरीच्या तोंडाकडं बघितलं. लई वेळ बघितलं.

"न्हाई. ह्ये माझं न्हवं. माझं कुठं दिसलं का, दादा?"

सखाहरीनं विळा खाली केला. ती वळली आन् गेली. एकटीच.

बाभळ मागं पडली. वैद्याचा दिवा दिसला. पोर वाचली. हौसे, ती पोर म्हंजे तुझी आजी.

तवा त्या वाटेनं जाऊ नका, बाबांनो. ती धरत न्हाई, मारत न्हाई. इचारती. आन् आपल्या गावाकडं तिला सांगायला काय बी न्हाई.