गैरहजर नायक

सोलापूर स्टँडवर अकलूजच्या गाडीत चढणाऱ्या एका बाईंना एनसीसीच्या मास्तरांनी माझ्यासमोरच अडवलं.

"गोजरबाई, तुमचा महिपती कॅम्पातून पळालाय."

"माज्याकडं न्हाय आला."

"एक गैरहजर असला की सगळ्या तुकडीला शिक्षा. सकाळपासून पोरं उन्हात उभी आहेत."

"दांडगं पोर सुदरंल म्हणून त्याला नायक तुमीच केलं. शाळंत त्यानं नरसय्याचं डोकं फोडल्यालं ठावं हुतं की."

"नरसय्या त्याच्याच तुकडीत आहे."

"त्यो बी उन्हात हाय?"

"मी त्याला सावलीत बस म्हणालो. तो म्हणतो, आमचा नायक आल्याशिवाय बसणार नाही."

"जखम अजून वली आसंल की."

"कालच टाके काढलेत."

कंडक्टरनं घंटी मारली.

"थांबा वाईच, कंडक्टर. महिप्या, सीटाखालनं निघ भाईर."