मांजरीच्या फॉर्मवर लिहिलेलं

(प्राण्यांच्या दवाखान्यातली बसायची खोली. दुपारचे बारा वाजत आलेले.)

ताई: ओरडू नकोस. तो समोरचा कुत्रा आधीच माझ्याकडे संशयाने बघतोय.

भाऊ: मी ओरडत नाहीये. बस दुसऱ्या ड्रायव्हरच्या हवाली करून तुझ्या घरी गेलो, शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून इथे धावत आलोय. सकाळी नऊला तू कुठे असायला हवी होतीस?

ताई: कॅन्सरच्या दवाखान्यात.

भाऊ: आणि आत्ता कुठे आहेस?

ताई: मांजरीच्या. म्हणजे दवाखान्यातच आहे, फक्त पेशंट बदलला म्हण. इथले पंखे मात्र जास्त चांगले चालतात.

भाऊ: ताई, पाचवी केमो होती आज. सहातली पाचवी. काठाशी येऊन कुणी मागे फिरतं का?

ताई: बॉबिन सकाळी सातला ओकायला लागली. तीनदा ओकली. जबडा उघडून बघते तर जिभेखाली निळा दोरा अडकलेला, आणि त्याचं दुसरं टोक थेट पोटात. शिंपिणीची मांजर, दुसरं काय गिळणार?

भाऊ: ओढून काढायचा ना मग!

ताई: तेच करायचं नसतं. ओढला की आतडं कापलं जातं, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. आयुष्यात पहिल्यांदा मी कशात हात घातला नाही, तर शहाणी ठरले. आत ऑपरेशन चाललंय. पाऊण तास झाला.

भाऊ: वाचेल ना?

ताई: ‘वेळेत आणलंत’ म्हणाल्या. माझे डॉक्टरही मला नेमकं हेच म्हणाले होते. म्हणून तर जीव टांगणीला लागलाय.

भाऊ: मास्क नाकावर घे आधी. पांढऱ्या पेशी कमी झाल्यात तुझ्या, आणि इथे बघ, नुसता केसांचा खच.

ताई: असू दे. कुणाचे तरी केस गळतायत आणि ते माझे नाहीत, हे बघून जरा बरं वाटतं.

भाऊ: पायात दोन वेगवेगळ्या चपला आहेत.

ताई: एक तुझी आहे. रविवारी विसरून गेला होतास.

भाऊ: धन्य आहे. आणि हा कागद कसला?

ताई: तिच्या फॉर्मची दुसरी प्रत. ठेव तो कागद तिथे. व्यवस्थित भरलाय मी.

भाऊ: ‘पेशंटचं नाव बॉबिन. वय चौपन्न.’

ताई: घाईत झालं ते. बाई म्हणाल्या, मांजर बरीच टिकली हो तुमची.

भाऊ: ‘वजन एकावन्न किलो.’

ताई: एकोणपन्नास आहे खरं. दोन पदरचे घातले.

भाऊ: ‘भूक नाही. झोप नाही. तोंडाला लोखंडासारखी चव.’ मांजरीच्या तोंडाची चव तुला कशी कळली?

ताई: अरे, चार महिने जो फॉर्म हातात येतो तो माझाच असतो! पेन मिळालं, हात चालला. डोकं मांजरीपाशी होतं.

भाऊ: थांब. ‘हातांची बोटं बधिर. दीड महिना. वस्तू पडली तरी कळत नाही.’

ताई: दे तो कागद.

भाऊ: मांजरीला हात असतात?

ताई: पंजे लिहायला हवं होतं. चुकलंच.

भाऊ: ताई, प्रत्येक वेळी मी तुझ्या शेजारी बसलेला असतो. सिस्टर विचारतात, काही त्रास? तू म्हणतेस, छे हो, मजेत. चारही वेळा मजेत! आणि खरं काय ते मांजरीच्या फॉर्मवर लिहितेस?

ताई: तिच्या फॉर्मवर लिहिलं तर कुणी मला पुढचा प्रश्न विचारत नाही.

भाऊ: मांजर डोळे मिटून दूध पिते, तसं चाललंय तुझं.

ताई: ती मांजर निदान दूध तरी पिते. मला तेही पचत नाही.

भाऊ: हसवू नकोस. अजून एक सांगतो. मला दवाखान्यातून फोन आला तो ‘ताई आल्या नाहीत’ म्हणून नाही. सिस्टर म्हणाल्या, ताईंनी काल संध्याकाळीच फोन करून आजची वेळ रद्द केली, नवी तारीख द्यायचीय, त्या फोन उचलत नाहीत. काल संध्याकाळी, ताई. बॉबिन आजारी पडली आज सकाळी.

ताई: बस चालवणाऱ्याशी वेळापत्रकात खोटं बोलू नये. विसरलेच मी.

भाऊ: का रद्द केलीस?

ताई: आजारी पडली बिचारी, तर तिच्या आड लपायला बरी मिळाली मला. किती हलकट असावं माणसाने!

भाऊ: का रद्द केलीस ते सांग.

ताई: तुझ्या बटणामुळे.

भाऊ: माझ्या?

ताई: रविवारी युनिफॉर्मचा शर्ट टाकून गेलास ना, ‘एवढं एक बटण लाव’ म्हणून? काल दुपारी बसले. म्हटलं, एक बटण, दोन मिनिटांचं काम. सुईत दोरा ओवायला घेतला. जाईना. टोक ओलं केलं, कापलं, पुन्हा घेतलं. सुई बोटांत आहे की पडली, तेच कळेना. दीड तास, भाऊ. पस्तीस वर्षं शिवण केलं मी. जगाची मापं घेत हिंडले, आणि एक बटण लागलं नाही.

भाऊ: ताई...

ताई: त्यातच रीळ कधीतरी मांडीवरून पडलं. मला पत्ता नाही. तिला खेळणं मिळालं. माझ्याच हातून गिळला तिने तो दोरा. मग संध्याकाळी फोन केला तिकडे. मनाशी म्हटलं, नको मला ती पाचवी. चारमध्ये बोटं गेली. सहा झाल्यावर मी जगेन, पण करू काय? मांजरीला दोरे भरवू?

भाऊ: डॉक्टरांना सांगायचं होतंस. औषध कमी करतात, बदलतात. काहीतरी करत असतीलच ना.

ताई: आणि म्हणाले, बोटं आता अशीच राहणार, तर? हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? न विचारता निदान आशा तरी राहते.

भाऊ: आणि केमो सोडून?

ताई: भीती वाटते रे मला. दोन्हीची वाटते. केमो घ्यायचीही आणि सोडायचीही.

भाऊ: मलाही वाटते. म्हणून तर ते बटण दिलं होतं तुला. माझं मला लावता येतं, ताई. मला वाटलं, हातात काम दिलं की तू पहिल्यासारखी दिसशील.

ताई: गाढवा. आधी सांगितलं असतंस तर बटणाशी एवढी मारामारी केली नसती.

डॉक्टर: बॉबिनचे कोण?

ताई: मी. आम्ही दोघं. आहे ना ती?

डॉक्टर: आहे. अजून गुंगीत आहे. हातभर दोरा निघाला. सुई नव्हती हे नशीब, आणि तुम्ही ओढला नाहीत हे फार बरं केलंत. आतड्याला फारशी इजा नाही. उद्या संध्याकाळी घरी न्या.

भाऊ: बघ, रडतेस काय आता?

ताई: मास्कमध्ये केस गेला कुत्र्याचा.

डॉक्टर: टाके चाटू नयेत म्हणून तिला अंगभर काहीतरी घालावं लागेल. आमच्याकडची तयार अंगडी तिला मोठी होतील. जुन्या शर्टाची बाही कापून, चार पायांना भोकं पाडून शिवलीत तर उत्तम. आणि हो, आमच्याकडची फॉर्मची प्रत मी दुरुस्त केलीय. वय सहा, वजन साडेतीन. बाकीची लक्षणं मात्र तिची नव्हती.

ताई: नव्हती. माझी होती.

डॉक्टर: मग ती योग्य ठिकाणी सांगा. येते मी.

भाऊ: हा घे फोन. लावलाय मी.

ताई: कुणाला? अरे, थांब... हॅलो, सिस्टर? हो, मीच. घरी जरा आजारपण होतं... मांजरीचं. हसा, हसा. परवा? येते. नऊ वाजता. त्रास? छे हो, मजे...

भाऊ: ताई.

ताई: सिस्टर, ऐका. त्रास आहे. हाताची बोटं बधिर झालीत. दीड महिना झाला. नाही, सांगितलं नव्हतं मी. हो, वस्तू पडतात हातातून. डॉक्टरांना आजच सांगाल? बरं. नाही, फोन बंद नाही ठेवणार... हं. ठेवते.

भाऊ: काय म्हणाल्या?

ताई: रागावल्या. औषध देण्याआधी डॉक्टर हात तपासतील म्हणाल्या. बोटं परत येतील की नाही, ते काही सांगितलं नाही.

भाऊ: मी येतो परवा. रजा टाकतो.

ताई: ये. आणि आता मजेत म्हणाले तर चिमटा काढ. बोटांना नको, कळणार नाही. दंडाला काढ.

भाऊ: चल, घरी सोडतो. अंगड्याचं मी कुणा शिंप्याकडून बघतो.

ताई: शिंप्याकडून? मी काय मेले का? तुझ्या त्याच शर्टाची बाही कापते. बटणाचा प्रश्नही मिटला.

भाऊ: ताई, कशाने शिवणार?

ताई: हळूहळू शिवेन. वाकडं झालं तर ती काही तक्रार घेऊन येणार नाही. चष्मा आणलायस का तुझा?

भाऊ: खिशात आहे. का?

ताई: घरी गेल्यावर सुईत दोरा तेवढा तू ओवून दे.