धापा मोठ्यानं टाका

मला एवढंच सांगा, माणसाचं वजन कमी होतं म्हणतात, तर ते जातं कुठे? ...नाही, जातं कुठे? पंखा विकला तर तो दुसऱ्याच्या घरी फिरतो, साबण झिजला तर मोरीतून वाहून गेलेला दिसतो, मग माणसाच्या अंगावरचं एवढं पोतंभर वजन, आज आहे आणि उद्या नाही, ते ठेवतात कुठे? ट्रेनरला विचारलं, तो म्हणाला, "सर, फोकस!" डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, "पुढचा पेशंट!" वहिनींना विचारलं तर त्या म्हणतात, "भाऊजी, आधी जाऊ तर द्या, मग शोधायला निघू!" म्हणजे उत्तर कुणाकडेच नाही, आणि घाम मात्र मी गाळायचा!

आता तुम्ही म्हणाल, एवढा वैताग आहे तर करतोस कशाला? अहो, हौस आहे का मला? तुम्हाला सांगतो, आम्ही दोघं भाऊ सोफे दुरुस्त करणारे. दादा थोरला, मी धाकटा, आणि अंगानं दोघंही असे की दुकानाच्या दारातून एक बाहेर पडल्याशिवाय दुसऱ्याला आत येता यायचं नाही. पण दादाचं वजन म्हणजे धंद्याचं भांडवल हो! गिऱ्हाईक विचारायचं, "टिकेल ना?" दादा एक शब्द बोलायचा नाही. जायचा आणि धाडकन सोफ्यावर बसायचा. सोफा कुरकुरला नाही की म्हणायचा, "न्या." झाली गॅरंटी!

तो दादा गेला. त्याच्या चपला अजून दारात आहेत, हलवायची कुणाची छाती होत नाही. भेटायला माणसं यायची, आधी दादाच्या फोटोकडे बघायची आणि मग सावकाश... माझ्या पोटाकडे! मामा तर हात धरून म्हणाला, "आता तूच सांभाळ बाबा," आणि नजर कुठे? पोटावर! अहो, दुकान सांभाळू, आईला सांभाळू, की हे सांभाळू?

आणि गेला कसा तर झोपेत. दुपारी जेवला आणि आरामखुर्चीत डोळे मिटले. आता आमच्याकडे झोप म्हणजे काय? आम्ही दोघं भाऊ घोरायला लागलो की शेजारी भिंतीवर थापा मारायचे, "अहो, घराचं बांधकाम अजून चाललंय का?" पण त्या दुपारी दादा घोरतच नव्हता. आई म्हणाली, "आज किती शांत झोपलंय माझं लेकरू!" तिनं पायांवर चादर घातली. मी टीव्ही लावला तर तोंडावर बोट ठेवून, "श्श! उठेल ना तो!" मी आवाज बारीक केला. चहाची वेळ झाली, वहिनी कप घेऊन आल्या, आणि...

जाऊ दे. काय सांगत होतो? हां, ट्रेनर!

तर तेव्हापासून आईला शांतता चालत नाही. भांडी आपटा, दारं आपटा, ती मजेत. घर जरा गप्प झालं की उठलीच! मी दुपारी आडवा होतो, घोरतो, कुशीवर वळताना क्षणभर थांबतो, की आई हजर! नाकाखाली बोट! डोळे उघडावेत तर तिचा चेहरा माझ्या तोंडाला लागलेला. मी दचकतो, मी दचकलो म्हणून ती दचकते, "आहेस ना रे?" "होतो गं आत्तापर्यंत!" झोपायला म्हणून ती तयारच नाही, ना दिवसा ना रात्री. डोळे पार खोल गेले. डॉक्टरांनी मला तपासलं, सगळ्या वायरी लावून तपासलं, म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे, पण त्याच्यावर एवढं सामान का रचलंय?" मी धावत घरी, "आई, ठणठणीत!" ती म्हणते, "त्याचंही ठणठणीतच होतं."

मग वहिनींनी सूत्रं हातात घेतली. आमच्या दुकानात एका जिमच्या बाकांच्या गाद्या आल्या होत्या, फाटलेल्या. वहिनींनी जिमवाल्याला सांगितलं, "गाद्या आम्ही भरून देतो, बदल्यात तुमचा एक माणूस रोज सकाळी आमच्या घरी पाठवा. आमच्या भाऊजींना रिकामं करायचंय." मला विचारलं? छे! गाद्यांच्या बदल्यात मी!

आणि आला. मी त्याचं नाव स्प्रिंग ठेवलं, कारण हा माणूस जमिनीला टेकतच नाही. दारात उभा आहे तरी उड्या! "गुड मॉर्निंग, सर!" मी मागे वळून बघितलं, कोण सर? चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, आणि तोवर ज्याला सर म्हणायचो त्यानं मला भिंतीकडे तोंड करून उभं केलेलं. "सर, चेअरमध्ये बसतोय असं समजा." मी म्हटलं, "चेअर कुठाय?" "चेअर नाहीये, सर." अहो, मी सोफेवाला! चार पिढ्यांना बसवणारी आमची जात, आणि मी खुर्ची नसताना बसू? धंद्याचा याहून मोठा अपमान असेल का? तरी बसलो. मांड्या लटपटायला लागल्या, डोळ्यांपुढे काजवे, आणि हा कानाशी, "हे शेवटचं, सर! हे शेवटचं!" मी जीव खाऊन केलं. "वा! आता अजून एक! हे शेवटचं!" अरे, मग मघाचं काय होतं?

मग म्हणे फळी व्हा. फळी! मी आजवर फळीला खिळे ठोकले, आता मीच फळी! कोपरांवर शरीर तोललेलं, पोट खाली जमिनीशी गप्पा मारतंय, आणि वरून, "शेवटचं, सर!" तुम्हाला सांगतो, या माणसाला शेवटचं म्हणजे काय ते ठाऊकच नाही. त्या दुपारी कुणी माझ्या कानाशी येऊन असं ओरडलं असतं ना, "हे शेवटचं!", तर मी टीव्हीचा आवाज बारीक केला असता का? खुर्चीसकट हलवला असता दादाला!

तर मी ठरवलं, बस्स! कोसळलो चटईवर, लोहाराच्या भात्यासारखा धापतोय, ह्हा... ह्हा... आणि म्हटलं, "स्प्रिंग, उद्यापासून यायचं नाही." तेवढ्यात आतून वहिनी आल्या. डोळ्यांत पाणी, आणि हसतायत! दादा गेल्यापासून त्यांना हसताना मी बघितलं नव्हतं. कुजबुजल्या, "भाऊजी, थांबू नका. आई झोपल्यात."

झोपल्या? उठलो तसाच, रांगत, दारापर्यंत गेलो. आई पलंगावर आडवी, तोंड उघडं, आणि... घोरतेय! अहो, काय घोरतेय! तेव्हा कळलं, आमच्या घोरण्याचं मूळ कुठे आहे ते! इतकं हलकं वाटलं मला, की तिथेच दाराला टेकून बसलो. पण बसल्यावर माझी धाप ओसरली, आणि आईचं घोरणं अडलं. तिचा हात चाचपायला लागला. पाळण्याची दोरी सोडल्यावर मूल चुळबुळतं ना, तसं. मी घाईघाईनं, ह्हा... ह्हा... की लगेच तिकडून घुर्रर्र! म्हणजे बाहेर मी धापतोय तोवर तिला नाकाखाली बोट ठेवायला नको!

स्प्रिंग बॅग उचलून म्हणाला, "झालं, सर. आजचं शेवटचं झालं." पहिल्यांदाच खरं बोलला, आणि तेही नको त्या वेळी! मी म्हटलं, "गप! अजून एक!" बसलो नसलेल्या खुर्चीत. "तूही धापा टाक माझ्याबरोबर." तो म्हणतो, "सर, मला धाप लागत नाही." मग काय उपयोग तुझ्या फिटनेसचा?

तेव्हापासून रोज सकाळी मी दमतो आणि आई झोपते. खोल गेलेले डोळे वर आले तिचे, गालांवर रंग आला. वहिनी दुकानात गाणं गुणगुणतात. सगळं छान चाललं होतं हो! पण या आठवड्यात स्प्रिंग उड्या मारत सांगतो, "सर, कॉंग्रॅच्युलेशन्स! तुमचा स्टॅमिना वाढला!" स्टॅमिना म्हणजे काय, तर म्हणे आता धाप लागणार नाही! अरे देवा! दंड-बैठका काढतोय, फळी होतोय, आणि श्वास बघावा तर मांजराच्या पावलांचा! आत आईची चुळबुळ सुरू.

मग काय करता? आज सकाळी स्प्रिंग गेला, मी चटईवर उताणा पडलो, काहीएक न करता, छताकडे बघत, मोठमोठ्यानं धापा टाकत राहिलो. ह्हा... ह्हा... वहिनी स्वयंपाकघरातून म्हणतात, "भाऊजी, जरा जास्त होतंय!" तरी टाकतोय. आणि आतून आवाज आला... "काय मेला दंगा लावलाय सकाळी सकाळी! या घरात माणसाला जरा म्हणून झोपू देत नाहीत!"

झालं. हेच ऐकायचं राहिलं होतं. मी गप्प उठलो, टीव्ही लावला आणि आवाज मोठा केला.