शारांतवरचा दोरा

(ट्रॉय, मिशिगन. २००६ चा एप्रिल, रविवारची दुपार. जेवणाच्या टेबलावर फ्रान्समधल्या शारांत नदीचा नकाशा.)

प्रतिमा : बाबा, तो दोरा उचला ना नकाशावरून. ताटं घ्यायचीत.

गुरुनाथ : थांब जरा. वळणावरून घसरला तर पहिल्यापासून मोजावं लागेल.

संजीव : मोजताय कशाला, बाबा? मी चेक केलंय. आंगुलेम ते समुद्र, सत्तर मैल. बोट रेंट करायची, पाच दिवसांत जाऊन परत. इझी.

गुरुनाथ : संजीवराव, ते सत्तर मैल रस्त्याचे. नदी कशी वळत जातेय बघा. दोऱ्याने शंभर भरतात.

संजीव : ओके, शंभर. अजून अर्धा तास.

गुरुनाथ : बोट ताशी पाच मैल जाते.

संजीव : पाच? मी चालत जाईन यार!

गुरुनाथ : शिवाय वाटेत वीसेक लॉक्स. नदीला मधेमधे बांध आहेत, अलीकडे पाणी वर, पलीकडे खाली. बोट हौदात घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी सोडायचं, बोट खाली उतरली की पुढचं दार उघडायचं. एकेकाला वीस मिनिटं धरा. आणि समुद्राजवळ भरती-ओहोटी. तिथे भाड्याची बोट नेऊच देत नाहीत.

प्रतिमा : शिकागोला ड्राइव्ह करतोस तसा प्लॅन केलास तू, संजीव.

संजीव : फाइन. समुद्र कॅन्सल. वाटेतल्या कोन्याक गावापर्यंत जाऊन परत येऊ. दारं उघडायला माणूस असेल ना तिथे?

गुरुनाथ : नाही. हँडल आपणच फिरवायचं. एकजण हँडलपाशी, एकजण काठावर दोर धरून, एकजण सुकाणूवर.

प्रतिमा : तिघं? आपण तर दोघंच.

गुरुनाथ : दोघांनाही जमतं, असं लिहिलंय. फक्त धावपळ होते.

संजीव : बाबा, मग तुम्हीच...

प्रतिमा : संजीव, नको. फेब्रुवारीत बाथरूममध्ये पडलेत ते. ठरलंय ना, बाबा आठ दिवस सुलेखाकाकूंकडे राहतील.

गुरुनाथ : हो, ठरलंय. चांगल्या आहेत त्या. दिवसभर टीव्ही लावून ठेवतात.

संजीव : बाबा, यायचंय का तुम्हाला?

गुरुनाथ : सुकाणू बसून धरता येतं. बोटीच्या फोटोत स्टूल दिसतंय. पाठ असलेलं.

प्रतिमा : बाबा, त्याने स्टुलाचं नाही विचारलं.

गुरुनाथ : यायचंय. तेहेतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. धरणाची दारं उघडली, पाणी सोडलं, रजिस्टरवर सही केली आणि घरी आलो. दारातून पलीकडे कधी गेलो नाही. आणि आठ दिवस मला परक्या घरात राहायचं नाहीये, प्रतिमा. तुझी आई गेल्यापासून मला ते जमत नाही.

प्रतिमा : अहो, मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? पंधरा दिवस नुसता दोरा घेऊन बसलाय!

गुरुनाथ : तू नाही म्हणाली असतीस, तर मग नकाशासुद्धा बघावासा वाटला नसता.

प्रतिमा : ...संजीव, तो फोन दे इकडे. सुलेखाकाकूंना सांगते, बाबा येत नाहीयेत.