वीज कमी, वेग तोच

...आता मला सांगा, झोपलेल्याकडून धावायची अपेक्षा धरायची म्हणजे काय? पण आमच्या साहेबांना कोण सांगणार! गेलं वर्षभर एकच पालुपद, 'वीज कमी, वेग तोच!' तुम्हाला सांगतो, कॉम्प्युटरची मेमरी जात्याच विसरभोळी, तिला सारखं 'लक्षात आहे ना, लक्षात आहे ना' करत टोकावं लागतं. आमच्या सासूबाई सासऱ्यांना 'चष्मा कपाळावर आहे' असं दिवसभर सांगतात ना, तसंच! बरं, मेमरीला झोपवलं तर ती आपली आपणच पुटपुटत सगळं ध्यानात ठेवते, वीज लागते चिमूटभर, पण उठायला आळस! आणि साहेबांचं चालूच... वीज कमी, वेग तोच!

त्यात खात्यातली निम्मी माणसं कमी होणार अशी कुणकुण. साहेब मला म्हणाले, "हे जमवलंस तर राहिलास." मग काय, लिहिला बाबा एक पहारेकरी प्रोग्राम! ज्या कप्प्याला बराच वेळ कोणी काही विचारलं नाही, त्याला झोपवायचं, आणि कोणी विचारायला येतंय असं दिसलं की आधीच हलवून उठवायचं. आहे की नाही सोपं?

प्रयोग बघायला मोठ्या बाई आल्या, म्हणजे साहेबांच्याही साहेब. बटण दाबलं. विजेचा काटा उतरायला लागला, साहेब माझ्या पाठीवर थोपटतायत, काटा आणखी खाली, टाळ्या, आणखी खाली... आणि मी कीबोर्ड बडवतोय! कारण पडदा ढिम्म हलेना. अहो, पहारेकरी तरी कुठे राहतो? मेमरीतच! तो सगळ्यांना विचारणार, त्याला कोण विचारणार? बिचाऱ्यानं नियमानं बघितलं, आपल्यालाच कोणी विचारत नाही, आणि झोपवलं की हो स्वतःला! आता बाकीच्यांना उठवणार कोण?

बाईंनी शांतपणे विचारलं, "वेग कमी झाला का?"

मी म्हटलं, "बाई, काही चालूच नाहीये..."

साहेब मध्येच घुसले, "म्हणजे कमी झालेला नाही!" वीज कमी, वेग तोच! मला तर हसावं की रडावं कळेना.

बाई इतक्या खूश, इतक्या खूश, की तोच प्रोग्राम त्यांनी सबंध ऑफिसला लावला. माणसांना! ज्याला बराच वेळ कोणी काही विचारलं नाही, त्यानं बिनपगारी घरी जायचं, गरज पडायच्या आधी प्रोग्रामच बोलावून घेईल. आता मला सांगा, प्रोग्राम लिहून झाल्यावर लिहिणाऱ्याला कोण काय विचारतं? पहिलं नाव माझंच आलं!

तेव्हापासून घरी लोळतोय. काल बायको म्हणाली, "अहो, तो पहारेकरी तुम्हाला बोलावणार तरी कधी?"

मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. काय सांगू तिला... तो माझ्याही आधी झोपलाय!